साडेतीन की तीन पॉइंट सहा?

वाद सुरू झाला मेसमध्ये. रविवारची फीस्ट होती, श्रीखंड संपलेलं होतं, त्यामुळे पोरांना भांडायला भरपूर वेळ होता. विषय होता: सगळ्यात फास्ट पेट्रोल एसयूव्ही कुठली? एका टेबलावर लॅम्बोर्गिनी उरूसवाले, दुसऱ्यावर जीप ग्रँड चेरोकी ट्रॅकहॉकवाले. दोन्ही पार्ट्यांपैकी कुणीही यातली एकही गाडी जवळून पाहिलेली नाही, पण त्याने काय फरक पडतो!

जीपवाल्यांचा मुद्दा एका वाक्याचा होता. "आमची ३.५ सेकंद, तुमची ३.६. विषय संपला!" उरूसवाले गप्प झाले. पैज होती अख्ख्या टेबलाच्या चहा-क्रीमरोलची.

मी मेकॅनिकलची, थर्ड इयरची. पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू सांग, तुझं डायनॅमिक्स चांगलं आहे ना?" मी भाव खात म्हटलं, उद्या सांगते. त्या "उद्या"ला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत माझं एक गणित अगदी बरोबर आलं आणि तरीही चुकलं. ते कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधीच कबूल करते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठीतल्या शास्त्राच्या शब्दांची माझी बोंब आहे. ॲक्सिलरेशनला "त्वरण" म्हणतात हे मला माझ्या रूममेटने शिकवलं. ती उदगीरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. व्हायवात इंग्रजीत उत्तर देताना ती अडखळते म्हणून आम्ही तिला चिडवायचो. पुढे वाचा, मग कळेल की चिडवायचं कुणी कुणाला.

दोन पैलवानांची ओळख

जीप ग्रँड चेरोकी ट्रॅकहॉक. एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये दाखवली गेली. जीप म्हटलं की आपल्याला पुण्याजवळ रांजणगावला २०१७ पासून बनू लागलेली कंपास आठवते. ही मात्र डेट्रॉइटची. ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर सुपरचार्जर. ताकद ७०७ हॉर्सपॉवर, टॉर्क सुमारे ८७५ न्यूटन-मीटर, वजन ५३६३ पौंड म्हणजे २४३३ किलो. २०२१ च्या मॉडेलनंतर ती बंद झाली.

लॅम्बोर्गिनी उरूस. डिसेंबर २०१७ मध्ये इटलीतल्या सांतागाता बोलोन्येझे इथे, म्हणजे कंपनीच्या गावीच, जगासमोर आली. ४ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि दोन टर्बोचार्जर. ताकद ६५०, टॉर्क ८५० न्यूटन-मीटर, वजन साधारण २२०० किलो. २०२२ मध्ये तिची जागा सुधारित उरूसने घेतली.

दोन्हींना आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन्हींची चारही चाकं चालती. फरक आहे हवा कोंबण्याच्या पद्धतीत. सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून तो लगेच हवा देतो, पण त्यासाठी इंजिनचीच काही ताकद खातो. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरतो, म्हणजे जवळजवळ फुकटात, पण त्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो.

पहिली फूटपट्टी: घोडे सगळे सारखे नसतात

पहिल्या रात्री मी ७०७ आणि ६५० हे आकडे शेजारी लिहिले आणि मोकळी झाले. रूममेट कॉटवरून म्हणाली, "अगं, दोन्ही घोडे एकाच गावचे आहेत का बघ की."

तिचं खरं होतं. अमेरिकन हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची. युरोपातली मेट्रिक हॉर्सपॉवर ७३५.५ वॅटची. उरूसचे ६५० घोडे मेट्रिक आहेत, अमेरिकन हिशोबाने ते ६४१ च भरतात. म्हणून दोन्ही किलोवॅटमध्ये आणले. ट्रॅकहॉक ५२७, उरूस ४७८. जीप ४९ किलोवॅटने पुढे!

पण जीप २३३ किलोने जडही आहे. म्हणून ताकदीला वजनाने भागलं. दोन्हीकडे ७५ किलोचा एकेक ड्रायव्हर बसवला.

ट्रॅकहॉक: ५,२७,००० भागिले २५०८ = २१० वॅट प्रतिकिलो.
उरूस: ४,७८,००० भागिले २२७५ = २१० वॅट प्रतिकिलो.

मी कॅल्क्युलेटर बंद करून पुन्हा चालू केला. तेच उत्तर. एक गाडी अमेरिकेतली, एक इटलीतली, इंजिनं वेगळी, हवा भरायची पद्धत वेगळी, आणि एका किलोच्या वाट्याला येणारी ताकद सारखीच! मग ३.५ आणि ३.६ हा फरक आला कुठून?

दुसरी फूटपट्टी: साठ म्हणजे शंभर नव्हे

जीपचे ३.५ सेकंद हे ताशी ० ते ६० मैल या वेगाचे आहेत. उरूसचे ३.६ सेकंद ताशी ० ते १०० किलोमीटरचे. आपण सगळेच "झिरो टू हंड्रेड" म्हणून दोन्ही एका ओळीत मांडतो. पण ६० मैल म्हणजे ९६.५६ किलोमीटर. म्हणजे उरूसला साडेतीन किलोमीटर प्रतितास जास्त वेग गाठायचा आहे. शर्यतीत एकाची रेषा अलीकडे आखायची, दुसऱ्याची पलीकडे, आणि वर विचारायचं कोण जिंकलं!

आता या साडेतीन किलोमीटरला वेळ किती लागतो, ते काढायला हवं. इथे खरं गणित सुरू होतं. घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे.

पकड आणि ताकद

गाडी सुटते तेव्हा दोन मर्यादा असतात. पहिली टायरची पकड. इंजिन कितीही ओरडलं तरी टायर रस्त्याला जेवढं ढकलू शकतो, तेवढंच त्वरण मिळणार. घर्षण गुणांक ०.८ धरला (कोरड्या डांबरासाठी पुस्तकात साधारण असाच आकडा असतो), तर जास्तीत जास्त त्वरण ०.८ गुणिले ९.८१, म्हणजे ७.८५ मीटर प्रतिसेकंद वर्ग.

दुसरी मर्यादा ताकदीची. ताकद = बल × वेग. वेग वाढत गेला की त्याच ताकदीत मिळणारं बल कमी होत जातं. गिअरबॉक्स वगैरेमध्ये १५ टक्के ताकद जाते असं धरलं, तर चाकांपाशी उरतात १७८.६ वॅट प्रतिकिलो. याला ७.८५ ने भागलं की येतो २२.७५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ८२ किलोमीटर. इथपर्यंत राज्य पकडीचं, इथून पुढे ताकदीचं.

० ते ८२: २२.७५ भागिले ७.८५ = २.९० सेकंद.

त्यापुढे ऊर्जेचा हिशोब. गतिज ऊर्जेतली वाढ भागिले ताकद. वाढ प्रत्येक किलोमागे काढायची, म्हणजे वस्तुमान उडूनच जातं.

८२ ते ९६.५६ (६० मैल): ०.५६ सेकंद. एकूण ३.४६.
८२ ते १००: ०.७१ सेकंद. एकूण ३.६१.

म्हणजे एकच गणित, दोन्ही गाड्यांना सारखंच लागू. साठ मैलांना उत्तर ३.५ आणि शंभर किलोमीटरला ३.६. दोन्ही कंपन्यांचे आकडे हुबेहूब! तो ०.१ सेकंदाचा फरक गाडीचा नव्हताच, मैल आणि किलोमीटरचा होता.

मी रात्री दीड वाजता ओरडले. वॉर्डन मॅडम वर आल्या. ते जाऊ द्या.

चारही चाकं कशाला?

या हिशोबात एक गोष्ट मी गृहीत धरली आहे. गाडीचं सगळं वजन चालत्या चाकांवर आहे. समजा फक्त मागची चाकं चालती असती. पुढे भलंमोठं इंजिन, म्हणून उभ्या गाडीचं ४५ टक्के वजन मागे आहे असं धरू. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर, दोन आसांमधलं अंतर ३ मीटर. गाडी झेपावते तेव्हा वजन मागे सरकतं (रिक्षा सुटताना आपण पाठीमागे रेलतो तसं). ते सरकणं धरूनही त्वरण गुरुत्वाच्या जेमतेम ०.४४ पट मिळतं. चारही चाकं चालती असली तर ०.८ पट. जवळजवळ दुप्पट! म्हणून एवढ्या ताकदीच्या गाडीला चारही चाकं द्यावीच लागतात.

पण चारही चाकांना सारखा टॉर्क देऊन चालत नाही. ०.८ पट त्वरणाला वजनाची वाटणी होते पुढे ३६, मागे ६४. आता कंपन्यांचे आकडे पाहा. ट्रॅकहॉक ट्रॅक मोडमध्ये टॉर्क वाटते ३०:७०. उरूसची नेहमीची वाटणी ४०:६०, आणि गरज पडली तर मागे ८७ टक्क्यांपर्यंत. दोन्ही आपल्या ३६:६४ च्या अल्याडपल्याड. हे पाहून मला जाम भारी वाटलं होतं.

सरांनी विचारलेला एकच प्रश्न

हे सगळं मी सेमिनारला मांडलं. स्लाइड्स चकाचक, इंग्रजी फर्डं. शेवटी ३.४६ आणि ३.६१ दाखवले तेव्हा मागच्या बाकांवरून टाळ्यासुद्धा आल्या. सर काही बोलले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "छान. या गाड्या थांबतात किती अंतरात?"

आकडे माझ्या वहीत होते. उरूस १०० किलोमीटरवरून ३३.७ मीटरमध्ये थांबते. ट्रॅकहॉक ६० मैलांवरून ११४ फुटांत, म्हणजे ३४.७ मीटरमध्ये. (मैल आणि फूट या वेळी मी आधीच बदलून घेतले होते. एकदा ठेच लागली की पुरे!)

"मग मंदन काढ."

फळ्यावर काढलं. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर. उरूस ११.४, ट्रॅकहॉक १०.४. दोन्ही ९.८१ च्या वर. म्हणजे टायरची पकड गुरुत्वाच्या एकपटीहून जास्त आहे.

"टायर तेच, रस्ता तोच," सर म्हणाले. "थांबताना पकड १.१, आणि सुटताना ०.८? हे ०.८ आणलंस कुठून?"

मी पाहतच राहिले. मला माहीत होतं ते कुठून आलं. पुस्तकात ०.७ ते ०.९ अशी रेंज होती. मी तिन्ही आकडे टाकून पाहिले होते, आणि ज्याने उत्तर जुळलं तो ठेवला होता. खोटं काही केलं नव्हतं, पण खरंही नव्हतं ते. तेवढ्यात मागून माझी रूममेट उभी राहिली. इंग्रजीत सुरुवात केली, अडकली, आणि सरळ मराठीत म्हणाली, "सर, ०.८ ही पकड नाहीच. बाकीचं सगळं नुकसान तिनं त्या ०.८ मध्ये कोंबलंय."

सर म्हणाले, "बैस. आता कसं बोललीस!"

कोंबलेलं बाहेर काढू

पकड १.१ धरून तेच गणित पुन्हा केलं की शंभरला लागतात २.९३ सेकंद. कंपनी सांगते ३.६. मग उरलेले ०.६७ सेकंद जातात कुठे?

एक, फिरणारे भाग. इंजिन फक्त गाडीला पुढे नेत नाही. चाकं, शाफ्ट, फ्लायव्हील यांनाही गरगर फिरवतं. त्यात ऊर्जा जाते. पहिल्या गिअरमध्ये हे नुकसान सर्वात जास्त, कारण गाडी हळू असते आणि इंजिन भराभर चढत असतं.

दोन, इंजिन सतत पूर्ण ताकदीवर नसतं. उरूसचा ८५० न्यूटन-मीटर टॉर्क २२५० आरपीएमपासून मिळतो, पण तिथे ताकद निघते फक्त २०० किलोवॅट. ४७८ किलोवॅट मिळतात ते ६००० आरपीएमला. माझ्या गणितात मात्र गाडी कायम ४७८ वरच होती! प्रत्येक गिअर बदलला की आरपीएम खाली येतात आणि ताकदही. ट्रॅकहॉकचंही तेच. तिचा टॉर्क ४८०० आरपीएमला शिखरावर, ताकद ६००० ला.

तीन, हवा भरायला लागणारा वेळ. लाँच कंट्रोल यासाठीच असतो. ब्रेक दाबून इंजिन आधीच वर नेऊन ठेवायचं, म्हणजे सुटताना दम भरलेला असतो.

चार, हवेचा विरोध. ताशी १०० ला तो फारसा नसतो. गाडीचं समोरचं क्षेत्रफळ आणि आकार मिळून १.१ चौरस मीटर धरलं, तर सुमारे १४ किलोवॅट. पण हा खर्च वेगाच्या घनाने वाढतो. ताशी १८० ला तोच होतो ८२ किलोवॅट!

आणि इथेच माझं जुनं गणित पुरतं उघडं पडलं. तेच ०.८ चं गणित मी ० ते २०० साठी लावलं. उत्तर आलं १०.१ सेकंद. उरूसचा कंपनीचा आकडा आहे १२.८. शंभरपर्यंत हुबेहूब, दोनशेपर्यंत पावणेतीन सेकंदांनी चूक. हे मी आधीच करून पाहिलं असतं, तर फळ्यासमोर उभं राहायची वेळ आली नसती. एका ठिकाणी जुळलं म्हणून मी दुसरीकडे पाहिलंच नाही.

मग पैजेचं काय? तुलना टिकली. कारण दोन्ही गाड्यांना एका किलोमागे सारखीच ताकद आहे, नुकसानंही सारख्याच जातीची आहेत, आणि ताशी ९६.५ ते १०० जायला या गाड्यांना सुमारे ०.१५ सेकंद लागतो हे दोन्ही पद्धतींनी येतं. टिकलं नाही ते माझं "पकडीमुळे" हे कारण. सरांनी मार्क चांगले दिले, पण जर्नलवर लाल पेनने "कारण?" एवढंच लिहिलं. ते पान मी अजून ठेवलं आहे.

तिसरी फूटपट्टी: पहिला फूट

अजून एक लोचा सांगायचा राहिला. अमेरिकेत ड्रॅग स्ट्रिपवर गाडी साधारण एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं. तिथली बरीच मोटार मासिकंही चाचणीत हा पहिला फूट वजा करतात. एक फूट म्हणजे किती, असं वाटेल. ७.८५ च्या त्वरणाने तेवढं जायला ०.२८ सेकंद लागतात, आणि तोवर गाडीचा वेग ताशी ८ किलोमीटर झालेला असतो. म्हणजे "शून्य ते साठ" नसून "आठ किलोमीटर ते साठ मैल"! ज्या ०.१ सेकंदावरून मेसमध्ये वाट्या आपटल्या, त्याच्या जवळजवळ तिप्पट फरक नुसत्या घड्याळाचा. तेव्हा कुठलाही आकडा ऐकला की आधी विचारा, पहिला फूट मोजलाय का?

ट्रॅकहॉकचा पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा आकडा ११.६ सेकंद आहे, शेवटचा वेग ताशी ११६ मैल. हा एन.एच.आर.ए. या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संघटनेने प्रमाणित केलेला. तोही ड्रॅग स्ट्रिपच्या पद्धतीचा आहे हे लक्षात ठेवूनच दुसऱ्या गाडीशी तुलना करावी.

आणि ताकद वाढवत नेली तर? उत्तर उरूसनेच दिलं आहे. २०२४ मध्ये आलेल्या उरूस एसईला इंजिन अधिक विजेची मोटर मिळून ८०० मेट्रिक घोडे आहेत. पहिल्या उरूसपेक्षा १५० जास्त. पण बॅटरीने वजनही वाढलं, आणि शंभरचा वेळ ३.६ वरून आला ३.४ वर. दीडशे घोड्यांत ०.२ सेकंद!

शेवटी थोडं आपलं

शंभरच्या वेगाला उरूसमध्ये साधारण ८७८ किलोज्यूल ऊर्जा असते. ती द्यायला ३.६ सेकंद लागतात, पण थांबताना तीच सगळी अडीच सेकंदांत ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडते. त्यासाठी उरूसला पुढे ४४० मिलिमीटरच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या आहेत. आपल्या बाइकला नाहीत. मागच्या सेमला आपल्याच हॉस्टेलमधला एकजण मोबाइलचं स्टॉपवॉच लावून रात्री रिंग रोडवर "झिरो टू सिक्स्टी" मोजायला गेला. साठ झाले, पण पुढे वाळू होती. सहा आठवडे प्लास्टर, दोन विषयांत केटी. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही, पण वेळ ५.२ होती हेपण लिही." मी त्याला विचारलं, स्टॉपवॉच दाबलं कुणी, त्याच अंगठ्याने ना, ज्याने ॲक्सिलरेटर पिळत होतास? मग ५.२ नाही, काहीही नाही.

पैज बरोबरीत सुटली. चहा दोन्ही टेबलांनी मिळून दिला. क्रीमरोलचे पैसे माझ्याकडून घेतले, कारण निकाल तीन आठवडे उशिरा लावला म्हणे. एक क्रीमरोल मी आधीच बाजूला काढून ठेवला होता, रूममेटसाठी. पुढच्या आठवड्यात तिचा व्हायवा आहे. रोज रात्री मी तिचं इंग्रजी घेते आणि ती माझं त्वरण.